संध्याकाळचा पाय

चप्पल घ्यायची तर दिवेलागणीलाच घ्यायची, असा माझा हट्ट आहे. सुना हसतात. मुलगा दुपारी दुकानात न्यायला आला तर मी म्हणतो, ऊन उतरू दे. कारण विचारलं की काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. खरं कारण सांगायचं तर एका माणसाविषयी सांगावं लागेल, आणि त्याच्याविषयी सांगायचं तर मी काय केलं तेही सांगावं लागेल. ते मी आजवर टाळलं. बायकोलाही सांगितलं नाही. ती तशीच गेली. आता हात कापायला लागला आहे. अक्षर लागेनासं व्हायच्या आत लिहून काढतो.

ते जोडे शिवायचे. नाव लिहीत नाही. गावाचंही नाही. कापसाच्या जिन-प्रेसचं गाव होतं, नांदुऱ्याहून फार लांब नाही, एवढं पुरे. त्या वेळी मी त्यांना अरेतुरे करत असे, आणि ते माझ्या बापापेक्षा थोरले होते. ते मला 'कंपाउंडरसाहेब' म्हणायचे, मी त्यांना 'काय बे बुढ्या'. आज 'ते' लिहितो आहे, हीसुद्धा उशिरा सुचलेली गोष्ट.

मी पिंपळगाव राजाच्या शेतकरी घरातला. मॅट्रिक झालो आणि बायकांच्या दवाखान्यात कंपाउंडर लागलो. लढाईचे दिवस होते. अंगात पांढरा कोट, डोक्यात भरपूर हवा. दवाखान्याच्या फाटकासमोर एक कडुलिंब होता आणि त्याच्याखाली ते बसत. पुढ्यात आरी, रापी, मेणाचा गोळा, आणि मागे पोत्यावर बाभळीच्या लाकडाचे पावलांचे साचे ओळीनं मांडलेले. ते साचे त्यांनी स्वतः कोरले होते. त्यांच्यावर धूळ बसलेली मी कधी पाहिली नाही.

माणसाचं तोंड पाहायची त्यांना सवयच नव्हती. मान खाली. समोरून पाय जात आणि ते पायांशी बोलत.

"काय जी कंपाउंडरसाहेब, आज उशीर?"

"तुले कसं समजलं बे, मी हाओ म्हणून? वर त पाह्यलं नाई."

"डावं पाऊल बाहेर फेकता तुमी. दुसरं कोन फेकते अख्ख्या गावात?"

पोस्टमन, डॉक्टरीणबाई, फौजदार, सगळे त्यांना पावलांवरून माहीत. दुरुस्तीला आलेला जोडा हातात घेऊन ते आत बोटं फिरवत आणि मग काहीतरी बोलत. एकदा शाळेच्या मास्तरांना म्हणाले, "मास्तर, घरात भांडन झालेलं दिसते. चार दिवस टाच आपटून चालून राह्यले." मास्तर जोडा तसाच टाकून निघून गेले. भांडण झालंच होतं, हे मागाहून कळलं.

त्या काळी करकर वाजणाऱ्या जोड्याचा लोकांना मोठा शौक. एक कापसाचा दलाल आला, म्हणाला, असा जोडा कर की चौकातून निघालो तर पेठेत ऐकू आला पाहिजे. ते म्हणाले, "वाजनारा जोडा म्या करत नाई शेठ. लोकाईनं पाह्यलंच पाह्यजे असं असंन त गळ्यात घंटी बांधा." शेठजींनी आईमाईवरून शिव्या दिल्या. ते आपले दोऱ्याला मेण लावत राहिले.

नवा जोडा मागायला आलेल्या माणसाला ते आधी चालायला लावत. पाणपोईपर्यंत जायचं आणि परत यायचं. "जाऊन या," एवढंच. कितीही मोठा माणूस असो. कुणी चिडायचे, कुणी हसत जायचे. परत आलेल्याला कधी सांगत, "तुमाले जोडा नाई पाह्यजे, नखं काढा." आणि एक गोष्ट ते दर आठवड्याला सांगत, निमित्त असो नसो: आपला केलेला जोडा आजवर परत आलेला नाही. ज्या दिवशी येईल त्या दिवशी हे साचे चुलीत. मला ती बढाई वाटायची.

आमच्या दवाखान्यात नर्सबाया आठ. शहाबादी फरशी, दिवसाचे बारा-बारा तास उभं राहणं, आणि पायात टाचेचे, नाडीचे, निमुळत्या तोंडाचे बूट. तसा हुकूमच होता नागपूरचा. मध्यप्रांत-वऱ्हाडात सगळीकडे नर्सच्या पायात तेच. लढाई लागल्यापासून मुंबईहून येणारे बूट आणखी कडक आणि आणखी अरुंद यायला लागले. बाया आत कापूस कोंबायच्या. दुपारी चादरींच्या खोलीत बसून मिठाच्या कोमट पाण्यात पाय सोडायच्या, आणि मी चोळायला तेल द्यायचो. मला ते सगळं बायकांचं कण्हणं वाटायचं.

त्यांच्यातल्या थोरल्या सिस्टर नगरकडच्या. मला 'भाऊ' म्हणायच्या. त्यांची टाच सगळ्यांत वाईट. सांगायच्या, "सकाळी खाटेवरून पाय खाली टाकला की टाचेत दाभण शिरतं बघ, भाऊ. भिंतीला धरून चार पावलं टाकली की मग जरा निघून जातं. संध्याकाळी परत येतं, व्याजासकट." घरी म्हातारी आई, दुसरं कमावणारं कुणी नाही. तरी राजीनाम्याचा अर्ज लिहून त्यांनी ट्रंकेत ठेवला होता. फक्त तारीख घालायची राहिली होती.

एके दिवशी ड्यूटी उतरून त्या फाटकाबाहेर आल्या आणि थेट लिंबाखाली जाऊन उभ्या राहिल्या. मी मागेच होतो.

"जोडा करून द्याल का?"

"उभ्या नोका राहू बाई, बसा त्या दगडावर. त्या टाचेनं लय सोसलं."

"टाच दुखते हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगाले कशाले पाह्यजे? फाटकापासून बोटाईवर चालत आल्या तुमी."

मग त्यांनी डब्यातली चाळलेली राख जमिनीवर पसरली आणि बाईंना अनवाणी त्यावरून चालायला लावलं. एकदा, दोनदा, तीनदा. उमटलेल्या पावलांभोवती ते रांगत फिरले. बोटानं कुठे कुठे खुणा केल्या. मग खुशीत म्हणाले, "बरं झालं आत्ता आल्या. सकाळी आल्या असत्या त परत धाडलं असतं."

"का बरं?"

"सकाळचा पाय झोपून उठलेला असते बाई. लेकराच्या पायावानी, लहान आन् नरम. त्याच्या मापानं जोडा केला त दुपारच्याले तोच जोडा पायाले खाते. ज्याले दिवसभर उभं राहाचं हाय, त्याचा संध्याकाळचा पाय पाहा लागते. तोच खरा पाय."

सिस्टर हसल्या. "म्हणजे सकाळी मी खोटी?"

"सकाळी सगळेच खोटे," ते म्हणाले, आणि राख गोळा करायला लागले.

तो जोडा करायला त्यांना महिना लागला. पुढे रुंद, बोटांना हलायला जागा. आतून शेळीचं कातडं. टाचेखाली घोड्याच्या खोगिराखाली घालतात तो नमदा, आणि त्यात बरोबर दुखऱ्या जागी वाटीसारखा खळगा. खिळा एकही नाही, सगळं शिवलेलं. तीनदा बाईंना घालायला दिला, तीनदा उसवला. शेवटी स्वतःचा हात जोड्यात घालून दगडावर आपटून पाहिला. आवाज आला नाही तेव्हा म्हणाले, "आता न्या."

पंधरा दिवसांनी सिस्टरनी मला एक कागद दाखवला. राजीनाम्याच्या अर्जाच्या पाठीवर त्यांनी धोब्याला दिलेल्या कपड्यांची यादी लिहिली होती. वॉर्डातल्या बाळंतिणी म्हणायला लागल्या, बाई कधी आल्या, कधी गेल्या, समजतच नाही.

साहजिकच बाकीच्या सातजणींनाही तसे जोडे हवे झाले. पण सिस्टर राखेतून चालल्या त्या दिवशी जिनातले लोक रस्त्यावर गोळा झाले होते, आणि दुसऱ्या दिवशी गावभर झालं की नर्सबाया फाटकापुढे नाचतात. मेट्रनबाईंनी फर्मावलं की एकही नर्स फाटकाबाहेर उभी दिसता कामा नये. जोड्यांना त्यांची ना नव्हती. सिस्टरचं काम त्यांनी पाहिलं होतं, आणि डॉक्टरीणबाईंनी हुकुमातून वाट काढली होती. मग मापं आत घ्यायची. तर मोच्याला आत घेतील का? तसा लेखी नियम नव्हता. लिहायची कुणाला गरज वाटली नव्हती. आपल्या हातचा जोडा वॉर्डात चालतो, आपण नाही, हे जोडे करणाऱ्या त्यांनाही सांगावं लागलं नाही. मापं घ्यायचं काम माझ्यावर आलं.

त्यांनी मला दोन दिवस शिकवलं. माझंच पाऊल कागदावर ठेवून चारदा काढून घेतलं. पेन्सिल सरळ उभी धरायची, आत कलती करायची नाही. दोन्ही पाय. माणूस उभा पाहिजे, बसलेल्या पायावर वजन नसतं. आणि दिवे लागल्यावर, ड्यूटी उतरल्यावर.

"मंग? कवा घ्याचं माप?"

"संध्याकाळी."

"आजून एकडाव सांगा."

"अबे, मी मॅट्रिक हाओ, समजते मले."

"मॅट्रिकात पाय शिकवत नाई साहेब. आजून एकडाव सांगा."

गणपतीचे दिवस जवळ आले होते. आमच्या मंडळाचं नाटक बसत होतं आणि मला प्रधानाचं काम होतं. अकरा वाक्यं. तालीम दिवेलागणीला. पहिल्या संध्याकाळी मी म्हटलं, उद्या घेऊ. दुसऱ्या संध्याकाळीही तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता हजेरी झाली, सातही जणी समोर बाकावर रांगेनं बसल्या होत्या. मी आजाऱ्यांच्या जुन्या कागदांच्या पाठी घेतल्या आणि पाव तासात चौदा पावलं काढून मोकळा झालो. बसलेली, झोपून उठलेली पावलं. बायांना यातलं काही माहीत नव्हतं. थोरल्या सिस्टर त्या आठवड्यात आईला भेटायला गेल्या होत्या. एक माप सकाळी घेतलं काय आणि संध्याकाळी काय, पायाला पाच बोटंच असतात, असं मी मनाशी म्हटलेलं मला चांगलं आठवतं.

कागद घेऊन गेलो. त्यांनी एकेक कागद मांडीवर ठेवून रेघेवरून बोट फिरवलं.

"हे संध्याकाळचेच ना, साहेब?"

"हाव. म्हंजे काय?"

"बारीक दिसून राह्यले."

"बायकांचे पाय हायेत बे. बारीकच राहीन."

तेव्हा त्यांनी वर पाहिलं. माझ्या आठवणीत तेवढं एकदाच. मग कागद नीट रचले आणि म्हणाले, "तुमी म्हनता त असंन. म्या त्या बायाईचे पाय कुठी पाह्यले?"

दिवाळीच्या सुमारास जोडे झाले. सुंदर झाले. सातही जणींनी सकाळी पायात घातले आणि हरखून गेल्या. दुपारपर्यंत चारजणींनी नाड्या सोडल्या. मेट्रनबाई म्हणाल्या, नवा जोडा आहे, आठ दिवस चावणारच. सगळ्यांत धाकटी नर्स विशीची असेल, तिनं मुकाट्यानं घातला. अंगठ्याला फोड आला, फुटला, चिघळला. ताप भरला. अठरा दिवस ती अंथरुणात होती आणि नख गेलं. तिची पट्टी रोज मीच बदलत होतो. ती म्हणायची, "भाऊ, त्या म्हाताऱ्यानं असं काऊन केलं हो?" मी म्हणायचो, "हलू नका."

मेट्रनबाईंनी सातही जोडे टोपलीत भरून फाटकाबाहेर पाठवले. टोपली झाडूवालीच्या डोक्यावर, निरोप सांगायला मी.

त्यांनी प्रत्येक जोड्यात हात घालून पाहिला. बोटं आत कितीतरी वेळ फिरत होती.

"सातही?"

"सातही."

मग पोत्याखालून ते कागद काढले. जपून ठेवले होते. जोडा कागदावर ठेवला. दुसरा ठेवला. तिसरा. प्रत्येक जोडा रेघेला धरून होता, आणि त्यांच्या रिवाजाप्रमाणे गव्हाएवढा मोकळा.

"कागदासंगं बरोबर हाय," ते म्हणाले. "कागद संध्याकाळचे व्हते ना?"

मला तिथं उभं राहून एक शब्द बोलायचा होता. झाडूवाली ऐकत होती, समोरचा हॉटेलवाला पाहत होता, आणि आत दवाखान्यात अंथरुणावर ती मुलगी होती. नोकरी गेली असती असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे गेली नसती. बोलणी खावी लागली असती, एवढंच. मी म्हटलं, "हाव."

"मंग माहीच नजर गेली," ते म्हणाले. चिडून नाही. पाऊस येणार म्हणतात तसं.

दुसऱ्या दिवशी समोरच्या हॉटेलात चहाला गेलो तर भट्टीत लाकडी पाऊल जळत होतं. टाच आत, बोटं बाहेर. हॉटेलवाला खुशीत होता, "बुढ्यानं सारेच देऊन टाकले साहेब, मस्त वाळलेली बाभूळ हाय." मी तो चहा प्यायलो.

त्यानंतर त्यांनी माणसाचा जोडा केला नाही. लिंबाखाली बसायचे, पण विहिरीतलं पाणी ओढायच्या मोटा शिवायचे, चपलांचे अंगठे लावायचे. पाय समोरून गेले तरी बोलायचे नाहीत. एकदा कुणीतरी थट्टेनं विचारलं, तर म्हणाले, "मोटीले पाय नसते. दुखलं त सांगत नाई, आन् कोनाले दुखवतही नाई." मी दवाखान्यात मागच्या दारानं जायला लागलो. माझं डावं पाऊल ते ऐकतील असं वाटायचं.

थोरल्या सिस्टरना शंका आलीच. त्यांचा जोडा अजून पायात होता आणि तोच हात सातदा चुकेल हे त्यांना पटेना. त्यांनी धाकट्या नर्सला सहज विचारलं, माप कधी घेतलं? मग त्या औषधांच्या खोलीत आल्या आणि दार लोटून घेतलं.

"भाऊ, सकाळी घेतलंस?"

मी बाटलीवर चिठ्ठी चिकटवत राहिलो.

"मी सांगितलं तर त्यांना वाटेल, बाई समजूत काढतेय. तुझ्या तोंडून कळलं पाहिजे. सांगशील?"

"सांगतो."

"कधी?"

"या आठवड्यात."

त्याच महिन्यात त्यांची बदली झाली. नांदुऱ्याला गाडीत बसवून द्यायला मीच गेलो. खिडकीतून त्या तेच म्हणाल्या, "सांग हं." दोन महिन्यांनी पोस्टकार्ड आलं. आईची तब्येत, नवा वॉर्ड, आणि शेवटी एक ओळ: सांगितलंस ना? मी उत्तर लिहिलं, हो, सांगितलं. वाईट वाटलं त्यांना, पण हसले. हे 'पण हसले' मी कशाला लिहिलं, कुणास ठाऊक. सिस्टरचं परत पत्र आलं, इतकं आनंदाचं की मी ते जाळलं.

पुढं माझीही बदली झाली. लग्न, मुलं. दहाएक वर्षं औषधाच्या खिडकीशी उभं राहून माझीच टाच धरली. सकाळी खाटेवरून पाय खाली टाकला की दाभण. पहिल्या दिवशी मी भिंतीला धरून उभा राहिलो आणि मला सिस्टरचे शब्द जसेच्या तसे ऐकू आले. वऱ्हाड तेव्हा अजून नागपूरलाच जोडलेलं होतं. चौकशी केली तर कळलं की ते आपल्या गावी, रोहिणखेडला असतात. रविवार पाहून गेलो. घरी सांगितलं, टाच दाखवायला जातो. मनात दुसरंच होतं.

जुन्या मशिदीच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला एका ओट्यावर बसले होते. डोळे जवळजवळ गेलेले. मांडीवर मोटेचं कातडं. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "कंपाउंडरसाहेब. डावं पाऊल आजून तसंच. पन आता टाच उचलता."

"हाव. दुखते. जोडा करून द्या." पहिल्यांदाच मी त्यांना 'द्या' म्हटलं. त्यांच्या ध्यानात आलं की नाही, माहीत नाही.

"जोडा म्या नाई करत. टाचेखाली नमदा कापून देतो. पन त्यालेही माप लागते. आता सकाळ हाय. बसा संध्याकाळलोक."

मी बसलो. अख्खा दिवस त्यांच्या शेजारी बसलो. सुनेनं भाकरी आणि ठेचा आणून दिला, आम्ही दोघांनी खाल्ला. त्यांनी विचारलं, त्या नगरच्या बाई कुठी हाय, जोडा टिकला का? मी म्हटलं, टिकला. त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "तेवढा एक बरोबर झाला व्हता. त्याच्या मांगं नजर गेली. एका महिन्यात कशी गेली, समजलं नाई मले. कागद त बरोबर व्हते. तुमी सोता काढले व्हते."

वाक्य माझ्या जिभेवर आलेलं होतं. समोरून एक शेतकरी बैल घेऊन गेला, मी तो जाऊ दिला. मग सून पाणी घेऊन आली. मग वाटलं, नमदा कापू दे, काम करताना त्यांचं मन कशाला हलवायचं. सबबी सगळ्या वेळेवर येत होत्या.

ऊन उतरल्यावर त्यांनी सुनेकडून राख मागवली. मला चालायला लावलं. डोळ्यांना दिसत नव्हतं म्हणून बोटांनी माझं उमटलेलं पाऊल चाचपलं आणि मग तळहात माझ्या टाचेखाली धरला. नमदा कापला, मध्ये खळगा केला, माझ्या चपलेत बसवला.

"त्या बाभळीलोक जाऊन या."

मी गेलो आणि परत आलो. दाभण नव्हतं. आजही त्या टाचेला ते नाही. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि म्हटलं, "बाबा, ते कागद..."

"कोनते?"

रस्त्यावर मोटाळ्याकडे जाणारा दमणीवाला गाडीवान माझ्यासाठी थांबला होता. त्यानं हाक मारली, "चला जी, अंधार पडते!"

"काई नाई," मी म्हटलं. "येतो पुन्हा."

पुन्हा जायच्या आत ते गेले. सिस्टरही गेल्या असतील. असल्या तर त्या अजून समजत असतील की मी सांगितलं आणि ते हसले. रोहिणखेडला त्या म्हाताऱ्या बाबांनी राखेतून माझी टाच बरोबर शोधली, तेव्हाही स्वतःची नजर गेलीच आहे असं ते धरून चालले होते, आणि त्या वेळी त्यांना सांगायला जगात मी एकटा माणूस होतो. फार काही बोलायचं नव्हतं. एवढंच म्हणायचं होतं: बाबा, ते कागद सकाळचे होते. तुमची नजर बरोबर होती, मी खोटं बोललो. मला माफ करा.